पुरात न बुडालेल्या दोघी

नेरघाटला जायचं हे जुईलीच्या डोक्यात आलं. सत्यभामाबाईंना कोणी विचारलंच नाही. जुईली आठवडाभरासाठी पुण्याहून अमरावतीला आईकडे आली होती आणि तिच्या मोबाइलवर सारखं एकच येत होतं. पूर्णेकाठचा नेरघाट, निळ्या दिव्यांत उजळलेली दीपमाळ, घाटावर कॅफे, गुलाबांची बाग, पायऱ्यांवर गाद्या आणि लोड.

"आई, हे तुझं माहेर ना? सगळं जग जाऊन आलं, आपणच राहिलो."

"माझं माहेर होतं तेव्हा तिथे गाद्या नव्हत्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "गाळ होता."

अमरावतीच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर वकिली केली होती आणि सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचं बोलणं उलटतपासणीसारखंच होतं. नेरघाटच्या महादेवाच्या देवळात त्यांचे वडील पुजारी होते. वडील थकल्यावर त्यांना त्या अमरावतीला घेऊन आल्या आणि मग नेरघाटला जाण्याचं काही कारण उरलं नाही. आता मुलगी ऐकेना म्हणून त्यांनी एकच अट घातली. वाटेत दर्यापूरला जयवंताला घ्यायचं.

जयवंता त्यांची नेरघाटची बालमैत्रीण. शेतकऱ्याच्या घरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. गाडी दारात थांबली तेव्हा ती डबा कडेवर धरून उभीच होती. मागे खुर्चीत तिचे यजमान देवमनराव बसले होते, गुडघ्यांना पट्टे बांधून.

"काका, तुम्ही पण चला ना," जुईली म्हणाली.

"मी काहून येऊ? नदी पायलेली हाये म्या," देवमनराव म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

वैताग सुरू झाला तो गाडी उभी करण्यापासून. घाटापाशी गाडी न्यायला बंदी होती. पूर्वी जिथे बैलबाजार भरायचा तिथे पार्किंग होतं, आणि तिथून घाटापर्यंत बिनआवाजाच्या पांढऱ्या बॅटरीच्या गाड्या सोडत. त्या गाडीत बसायला आधी मोबाइलवर काहीतरी स्कॅन करावं लागे. स्कॅन केलं की नेट जाई. नेट आलं की गाडी निघून गेलेली असे. तिसऱ्या गाडीत त्यांना जागा मिळाली, तीही उलट्या तोंडाची, त्यामुळे आपल्या गावात सत्यभामाबाई पाठमोऱ्या शिरल्या.

फाटकावर गार्डने जयवंताचा डबा अडवला.

"आजी, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"बाहेरचं नाई बाप्पा, घरचं हाये."

"तेच ते. इथे जमा करा, जाताना मिळेल."

"मी काहून जमा करू? सकाळी उठून केलं म्या. भाकर, ठेचा अन् वांग्याचं भरीत. उन्हात इथं ठेवलं तं जाताना त्याचं काय होईन, तुले ठाऊक हाये का?"

गार्डला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त नियम ठाऊक होता. सत्यभामाबाईंनी नियम कुठे लिहिला आहे ते दाखवायला सांगितलं. त्याने बोर्ड दाखवला. त्यांनी तो वाचला आणि त्यात 'खाद्यपदार्थ' हा शब्द चुकीचा लिहिला आहे असं त्याला सांगितलं. मागे रांग वाढत होती. जुईली दोन्ही हातांनी कपाळ धरून उभी होती.

जयवंताने वाद संपवला. ती फाटकाच्या बाहेरच, तिकीटघराच्या कठड्यावर बसली आणि तिने डबा उघडला. "चाला, इथंच जेवून घेऊ. पोटात घालून नेलं तं कोन अडवते?"

म्हणून तिघींनी फाटकाशी बसून भाकर खाल्ली. ठेच्याने जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं. गार्ड दुसरीकडे बघत उभा राहिला. जयवंताने त्यालाही अर्धी भाकर दिली, तीही त्याने दुसरीकडे बघतच खाल्ली.

आत गेल्यावर सत्यभामाबाई चष्मा सारखा करून चहूकडे बघत राहिल्या. जुईलीला वाटलं, आई हरखली. घाट खरोखर देखणा झाला होता. काळ्या दगडाच्या पायऱ्या घासूनपुसून चकचकीत केल्या होत्या. एके काळी उकिरडा होता तिथे हिरवळ होती. मधोमध कारंजं. खाली बंधारा घालून नदीचं पाणी अडवलेलं, त्यामुळे उन्हाळ्यातही पूर्णा काठोकाठ दिसत होती. पाण्याचा रंग मात्र पिस्त्याच्या आइस्क्रीमसारखा होता.

मग सत्यभामाबाई एकेक पाटी वाचायला लागल्या.

"हिरवळीवर बसू नये. बाग कशाला केली मग? पायऱ्यांवर ओले पाय ठेवू नयेत. जुईली, ही घाटाची पायरी आहे! घाटावर ओले पाय नाही ठेवायचे तर काय ठेवायचं, बूट?"

"आई, लोक घसरतात म्हणून असेल."

"पाण्याला हात लावू नये." त्यांनी ही पाटी दोनदा वाचली. "पाण्याला हात लावू नये."

"लावूबी नोको," जयवंता पाण्याकडे बघत म्हणाली. "काई होऊन जाईन."

देवळात वेगळाच प्रकार होता. महादेव जागेवर होता, पण घंटेच्या लोलकाला कापड गुंडाळून ठेवलं होतं. शेजारच्या कॅफेतल्या पाहुण्यांना आवाजाचा त्रास होतो, असं तिथल्या माणसाने सांगितलं. कॅफेतून मात्र मोठ्याने गाणी ऐकू येत होती आणि महादेवाला त्याचा त्रास होतो का, हे कोणी विचारलेलं दिसत नव्हतं. ज्या ओवरीत सत्यभामाबाईंचे वडील दुपारी आडवे व्हायचे तिथे आता कॉफीचं मशीन होतं. वर फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'चिखलदऱ्याची ताजी कॉफी'. जुईलीने तीन मागवल्या. मुलाने तीन नावं विचारली, तीन कपांवर लिहिली, आणि सत्यभामाबाईंना जो कप मिळाला त्यावर 'शोभा' लिहिलेलं होतं.

"माझं नाव काय सांगितलं होतंस तू त्याला?"

"सत्यभामा."

"मग ही शोभा कोण?"

"आई, कॉफी पी ना."

"भामे, तू इतकी चिडून काहून राहिली?" जयवंता म्हणाली. "कॉफी चांगली हाये. पाय दुखून राह्यले तं बसाले जागाबी हाये. आपल्या वक्ती होतं का असं काई?"

सत्यभामाबाई काही बोलणार तेवढ्यात घाटाच्या वरच्या अंगाला टाळ्या वाजल्या. तिथे गर्दी जमली होती. लोखंडी कमानीला लाल दोरे बांधलेले होते, शेकडो, आणि कमानीवर फुलाफुलांच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भामा-जयवंत प्रेमपायरी'.

जयवंताने ते वाचलं. मग तिने सत्यभामाबाईंकडे बघितलं.

कमानीखाली नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक तरुण मुलगी कानाला माइक लावून उभी होती. तिच्या बिल्ल्यावर नाव होतं पायल. ती गोड, पाठ केलेल्या आवाजात सांगत होती. "फार फार वर्षांपूर्वी या घाटावर एका पुजाऱ्याची लाडकी लेक राहायची. तिचं नाव भामा. नदीच्या पल्याड राहायचा एक शेतकऱ्याचा देखणा मुलगा, जयवंत. दोघांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम होतं. पण समाजाला ते मान्य नव्हतं. एके दिवशी पूर्णेला महापूर आला. पल्याडहून जयवंतने हाक मारली, आणि भामाने याच पायरीवरून उडी घेतली! जयवंतनेही तिकडून उडी घेतली. मधल्या धारेत दोघांचे हात भेटले आणि..." इथे ती थांबली. कुठेतरी बासरी वाजली. "...आणि ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. भामाचे वडील या पायरीवर बसून राहिले, बसून राहिले, आणि त्यांची शिळा झाली. ती ही शिळा. इथे दोरा बांधला की मनासारखा जोडीदार मिळतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मुली दोरे घ्यायला धावल्या.

"हा धुण्याचा दगड आहे," सत्यभामाबाई मोठ्याने म्हणाल्या.

पायलने बघितलं. गर्दीनेही बघितलं.

"मी स्वतः यावर परकर आपटलेत. आणि माझ्या वडिलांची शिळा बिळा काही झाली नाही. ते अमरावतीत माझ्या घरी वारले, क्रिकेट बघता बघता. भामा म्हणजे मी आहे."

गर्दीत कोणीतरी हसलं. पायलला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असावा, आपल्याला सांगायचं राहून गेलं असेल. ती अडखळली. "आजी, ही लोककथा आहे..."

"लोककथा? मी जिवंत असताना?"

"आई, हळू," जुईली म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "थांब. म्हणजे काय? तू पुरात उडी मारली होतीस?"

"उडी नाही मारली. पायऱ्या उतरून गेले."

"अन् मी संगं होती," जयवंता म्हणाली. ती एकटक कमानीकडे बघत होती. "बाप्पा, यायनं मले गडी करून टाकलं."

पायलने माइक बंद केला आणि मॅनेजरला बोलावलं. तो केयूर नावाचा तिशीतला मुलगा होता. हसरा, स्वच्छ, गळ्यात ओळखपत्र. प्रकल्पाचा ठेका ज्या कंपनीकडे होता तिने त्याला इथे नेमलं होतं. त्याने तिघींना सावलीत बसवलं, गार पाणी दिलं, सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "काकू, किती इंटरेस्टिंग आहे हे! तुमची आणि आमच्या स्टोरीतली नावं इतकी जुळतात."

"जुळत नाहीत. ती आमचीच आहेत."

"म्हणजे तुमची नावं भामाच्या नावावरून ठेवली असतील ना? अशा गावांत असं असतं."

सत्यभामाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोर्टात त्या असं करायच्या तेव्हा समोरचा वकील सावध व्हायचा. केयूर सावध झाला नाही.

"माझा जन्म या गावात झाला," त्या म्हणाल्या. "माझे वडील इथले पुजारी होते. त्या पुरात आम्ही दोघी नदी पार करून गेलो आणि दोघी परत आलो. मध्ये कोणी जयवंत नव्हता, बासरी नव्हती. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या टीमने इथे रिसर्च केला होता. वयस्कर लोकांना भेटले ते. कोणीतरी सांगितलं, एका पुरात पुजाऱ्याची भामा गेली आणि सोबत जयवंत की जयवंता असं कोणी होतं. ती दोन नावं ऐकून..."

"दोन नावं ऐकून तुम्ही आम्हाला बुडवलं."

"काकू, तसं नाही. लोकांना इमोशनल कनेक्ट हवा असतो. इथे रविवारी काय गर्दी असते बघा तुम्ही! तुमच्याच गावाचं नाव होतंय."

"मी नोटीस पाठवीन."

"पाठवा ना, नक्की. फक्त काय आहे, कंटेंट लॉक झालेला आहे. पुढच्या फेजमध्ये बघू. तुमच्याकडे त्या वेळचा काही पुरावा आहे का? फोटो वगैरे?"

"पुरावा?" जयवंता म्हणाली. तिने पदरातून मोबाइल काढला. "थांब, देतो तुले पुरावा." तिने नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. घंटी वाजत राहिली. मग देवमनरावांचा झोपमोड झालेला आवाज आला.

"काय व?"

"अहो, तुमी पुरात वाहून गेले म्हनते इथं."

"कोन म्हनते?"

"हे पोट्टं. मॅनेजर हाये. पल्याडचा पोरगा म्हंजे तुमीच ना, तुमी माह्यासाठी नदीत उडी घेतली अन् मधल्या धारेत आपले हात भेटले म्हनते."

"कोनत्या पुरात?"

"साक्षगंधाच्या."

"मी तं त्या दिवशी गोठ्यात होतो," देवमनराव म्हणाले. "गाय इऊन राह्यली होती, वासरू यायचं होतं. मले पोहताच येत नाई. त्याले सांग."

"ऐकून राह्यला तो."

"मंग ऐकलं असन त्यानं. ठेवतो. संध्याकाळची गोळी कुठं ठेवली व?"

केयूर फोनकडे बघत हसला, पण त्याचं हसू आता तितकं स्वच्छ राहिलं नव्हतं. मॅडम, मीटिंग आहे, मी तुमचा नंबर घेऊन ठेवतो, असं काहीसं म्हणून तो उठला. नंबर घ्यायचा मात्र विसरला.

सत्यभामाबाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. "बघितलंस? पुरावा मागतो, आणि पुरावा बोलायला लागला की याची मीटिंग निघते."

"आई," जुईली म्हणाली, "साक्षगंध म्हणजे साखरपुडाच ना? कुणाचा? तुम्ही नदीत का गेला होतात? मला हे कधीच कसं कोणी सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"मी काय विचारायचं? आई, तू कधी पुरात पोहली आहेस का, असं?"

जयवंताच्या मनात काय आलं कोण जाणे. ती उठली, गुडघ्यांवर हात टेकत पुन्हा कमानीशी गेली. पायल पुढच्या घोळक्यासमोर उभी राहून घसा साफ करत होती. "पोरी, तुह्या घशाले आराम दे," जयवंता म्हणाली. "या बारीले मी सांगतो." आणि चाळीस पोरांचा वर्ग जिने वर्षानुवर्षं विनामाइक सांभाळला होता, तिने आवाज लावला. घोळका आपोआप गप्प झाला.

तिने सांगितलं ते असं. ती मॅट्रिक झाली त्या वर्षी घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. पल्याडच्या वाढोण्याचे रामराव, त्यांचा मुलगा देवमन. आषाढ लागायच्या आत साक्षगंध करायचं होतं. जयवंताला मास्तरकीचा कोर्स करायचा होता. तिने आईला सांगितलं, आईने ऐकलं नाही. बापाला सांगितलं, बाप म्हणाला, पाहुण्यांना शब्द दिला आहे. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी वर मेळघाटात पाऊस झाला आणि पहाटे पूर्णा चढली. नाव बंद. पल्याडची मंडळी पल्याड अडकली. घरात सगळे म्हणाले, पाणी उतरलं की उद्या येतील.

"मी भामीले म्हनलं, उद्या ते आले तं संपलं. आज आपुनच जाऊ. माह्या बापाचा शब्द हाये, तं मी जाऊन वापस घेतो. भामी म्हने, तू येडी हायेस. मंग म्हने, एकटी जाशीन तं मरशीन, मीबी येतो."

लहानपणी पोहायला शिकताना पाठीला बांधायचे ते सुके भोपळे त्यांनी काढले. घाटाच्या वरच्या अंगाने, जिथून धार पल्याडकडे ढकलते, तिथून दोघी पाण्यात शिरल्या. पूर उतरणीला लागलेला होता. तरी मधल्या धारेत एक ओंडका आला आणि दोघी पाण्याखाली गेल्या. वर आल्या तेव्हा भामाच्या भोपळ्याचे तुकडे झाले होते. उरलेलं अंतर दोघींनी एका भोपळ्यावर काढलं. काठ लागला तो गावाच्या कितीतरी खाली, बाभळीच्या रानात.

"अन् तशाच वल्या लुगड्यानं आमी रामरावच्या ओसरीवर जाऊन उभ्या राह्यलो. पंधरा-वीस पाहुने बसले होते. म्या म्हनलं, मले आता लगन नाई करायचं. मले शिकायचं हाये. माह्या बापाले दोष देऊ नोका."

घोळक्यातल्या एका बापाने कडेवरच्या रडणाऱ्या पोराला गप्प केलं.

"मंग?" एका मुलीने विचारलं.

"मंग काय. रामरावनं मले वरतून खालून पायलं. म्हने, बाप्पा, इतकं पानी तोडून पोट्टी नाई म्हनाले आली! लोकं तं हो म्हनालेबी इतके येत नाईत." हशा पिकला. "त्यायच्या घरच्या, पार्वताबाई, त्यायनं आमाले कोरडे लुगडे देले, पिठलं-भाकर वाढली. आमी जेवून राह्यलो तं गोठ्यातून एक गडी हात धुवत आला. तोच नवरदेव. म्हने, नाई म्हंजे कायमची नाई, का आत्ताची नाई?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, आत्ताची. तो म्हने, मंग मी थांबतो."

"आणि थांबले?"

"थांबले. कोर्स झाला, नोकरी लागली, तवा लगन केलं. आता घरी हायेत, गोळी सापडून नाई राह्यली त्यायले."

टाळ्या बासरीवाल्या गोष्टीपेक्षा जोरात पडल्या. जुईलीही टाळ्या वाजवत होती आणि मध्येच तिने आईचा दंड इतका घट्ट धरला की सत्यभामाबाई म्हणाल्या, "अगं, दुखतंय."

पण त्यांचं समाधान दोन मिनिटंही टिकलं नाही. कारण टाळ्या वाजवून झाल्यावर त्याच मुलींनी जयवंतालाच विचारलं, "आजी, मग दोरा कुठल्या हाताने बांधायचा?"

"कशाचा दोरा?" सत्यभामाबाई कडाडल्या. "आत्ता काय ऐकलंत तुम्ही? ती नाही म्हणायला गेली होती!"

"हो ना, पण लग्न झालंच ना शेवटी," त्यातली एक म्हणाली आणि गाठ मारायला लागली. दुसरीला सेल्फी हवा होता. तिने जयवंताला शिळेवर हात ठेवून उभं राहायला सांगितलं. आणि जयवंता उभी राहिली!

"जयवंते, हो तिथून बाजूला. तो धुण्याचा दगड आहे."

"ठाऊक हाये व. फोटो तं काढू दे."

परतताना त्या फाटकाशी बॅटरीच्या गाडीची वाट बघत होत्या तेव्हा मागून पायल धावत आली. नथ काढून तिने मुठीत धरली होती. आता तिची बोली साधी, इथलीच होती.

"आजी, मले एक सांगायचं होतं. माह्या आज्याची नाव होती या घाटावर. मी लहान होती तवा तो सांगे. त्यानं तुमाले मधल्या धारेत बुडताना पायलं, अन् मंग दिसल्याच नाई तुमी. म्हून त्यानं गावात सांगतलं का पोट्ट्या गेल्या. पल्याडून कोनाले निरोपबी धाडता आला नाई."

"हो. पाणी पुन्हा चढलं. आम्ही दोन दिवसांनी लांबच्या पुलावरून, एसटीने परत आलो," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"हो. तं तुमचे बाबा खरंच बसले होते पायरीवर. ते काई या लोकायनं बनवलेलं नाई. आजा त्यायले म्हने, गुरुजी, घरी चला. ते म्हनत, तिले पोहता येते, येईन ती. सांज झाली, रात झाली, उठलेच नाई. दुसऱ्या दिवशी महादेवाची पूजाबी नाई केली त्यायनं. आजा म्हने, तेवढी एकच पूजा चुकली त्यायच्या आयुष्यात."

सत्यभामाबाईंना परतीचा तो दिवस आठवला. त्या एसटीतून उतरून घरी आल्या तेव्हा वडील ओसरीवर पंचांग बघत बसले होते. ते रागावले नाहीत, जवळ आले नाहीत. एवढंच म्हणाले होते, "केसांत गाळ आहे, धुऊन टाक." त्यानंतर या विषयावर बापलेकीत एक शब्द झाला नव्हता. त्यांना आपले वडील थोडे कोरडेच वाटत आले होते.

"पूजा चुकवली?" त्या अखेर म्हणाल्या. "बाबांनी?"

"आजा तं तसंच सांगे."

बॅटरीची गाडी आली. जुईलीने आईला हात देऊन चढवलं. या वेळी जागा सरळ तोंडाची मिळाली होती, पण सत्यभामाबाई मान वळवून मागे घाटाकडे बघत बसल्या. दर्यापूर येईपर्यंत त्यांनी एकाही गोष्टीची तक्रार केली नाही, तेव्हा जुईलीने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या पूर्ववत झाल्या आणि त्यांनी नोटीस लिहायला घेतली. नोटीस गेली. उत्तर आलं नाही. दुसरी गेली. दुसरीला उत्तर आलं, पण ते पार्किंगच्या तक्रारीबद्दल होतं.

पावसाळ्यानंतर एके दिवशी पुण्याहून जुईलीचा फोन आला. "आई, तुला एक फोटो पाठवलाय. पायलने टाकलाय. बघ, त्यांनी कमान बदलली!"

सत्यभामाबाईंनी फोटो मोठा करून बघितला. आता कमानीवर लिहिलं होतं, 'भामा-जयवंता मैत्रीपायरी'. खाली लहान अक्षरांत मजकूर होता. या घाटावर दोन जिवलग मैत्रिणी राहत. एकमेकींपासून दूर जावं लागू नये म्हणून दोघींनी महापुरात हातात हात घालून उडी घेतली आणि त्या अमर झाल्या. इथे दोरा बांधला की मैत्री तुटत नाही. लाल दोऱ्यांच्या जागी पिवळे आले होते. शिळा जागच्या जागी होती, तिला आता रंगही दिला होता.

त्यांनी तातडीने दर्यापूरला फोन लावला. "जयवंते, पुन्हा बुडवलं आपल्याला!"

"पायलं म्या. पायल सांगत होती, तो मॅनेजर असला का ती हे सांगते, अन् तो नसला का आपलं खरं सांगते. लोकायले खरं जास्त आवडते म्हने."

"मग कमानीवर खोटं कशाला?"

"कमान पयलेच बनवून झाली होती म्हने."

"अगं पण म्हणजे काय! आपण दोघी जिवंत आहोत, धडधाकट आहोत. मी तिसरी नोटीस पाठवते. तू सही करशील ना?"

"करतो ना. पन थांब, यायले बोलायचं हाये तुह्यासंगं. सकाळपासून फुरंगटून बसले हायेत."

खुर्ची करकरली आणि फोनवर देवमनराव आले.

"वकीलबाई," ते म्हणाले, "मागच्या बारीले मले बुडवलं होतं, ते एक चाललं असतं. या बारीले तं मी कुठंच नाई. गाय होती, गोठा होता, मी थांबलो होतो, हे सगळं लिवा नोटिशीत."

सत्यभामाबाईंनी पेन घेतलं. "सांगा," त्या म्हणाल्या. "गाय कोणती होती?"